रॅलीतली सायकल आणि शर्यतीतली सायकल

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते संस्थेच्या हायस्कूलमध्ये सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



मी इतिहास-भूगोल शिकवणारा शिक्षक आहे. व्यायामशाळेत वाढलेला नाही आणि मोठा खेळाडू म्हणावा असा तर मुळीच नाही. तरीही आज मी सायकलवर बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेतील मुले सायकल रॅलीला जाऊ लागली. पंधरा ऑगस्टची रॅली, सव्वीस जानेवारीची रॅली, पर्यावरण दिनाची रॅली. टी-शर्ट मिळतो, गळ्यात पदक पडते, फोटो निघतो. हे सर्व चांगलेच आहे. परंतु त्यातली काही मुले आता मला विचारतात, "सर, आम्हांला शर्यतीत उतरायचे आहे. काय करावे?" आणि त्यांचे पालक मला दुसराच प्रश्न विचारतात, "सर, हे कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर द्यायला मला दोन वर्षे लागली, आणि त्या उत्तराची किंमत मी नव्हे, एका विद्यार्थ्याने मोजली. ती हकिगत मी आज लपवणार नाही.

प्रथम माझ्याविषयी थोडेसे. लहानपणी मी सात किलोमीटर सायकल मारून शाळेत जात असे. सायकल वडिलांची होती, जड, लोखंडी, मागे कॅरिअर असलेली. पाय टेकत नसत म्हणून नळीखालून पाय घालून चालवीत असे. नोकरी लागल्यावर सायकल सुटली. तिशी ओलांडली, पोट सुटू लागले, तेव्हा एका मित्राच्या आग्रहावरून पस्तीस किलोमीटरच्या एका रॅलीत गेलो. पूर्ण केली. मग पन्नास, मग शंभर. पुढे "ब्रेव्हे" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०० किलोमीटरच्या उपक्रमात भाग घेतला. त्याला १३ तास ३० मिनिटांची मुदत असते. मी सव्वाबारा तासांत परत आलो. घरी आल्यावर आईने पाय चेपले आणि मी मनाशी ठरवून टाकले की, आता आपण शर्यतीला तयार झालो.

मित्रांनो, येथेच माझी पहिली चूक झाली. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तिचे नियम पॅरिसच्या एका जुन्या क्लबने घालून दिलेले आहेत, आणि त्यांत पहिला-दुसरा असा क्रमांकच नसतो. दिलेल्या वेळेत जो पोहोचला, तो यशस्वी. हिशेब केलात तर ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपासचा वेग पुरतो. मात्र थांबण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो. यातली गंमत अशी की पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत येण्याचा जो सुमारे १२०० किलोमीटरचा जगप्रसिद्ध उपक्रम आहे, तो १८९१ साली सुरू झाला तेव्हा कडवी शर्यत होती. पहिल्या वेळी शार्ल तेरों हा फ्रेंच सायकलपटू सुमारे ७१ तासांत पहिला आला. व्यावसायिकांची ती शर्यत १९५१ साली शेवटची झाली. आज त्याच वाटेवर हजारो हौशी स्त्री-पुरुष ९० तासांच्या मुदतीत जातात, आणि कोणी कोणाला हरवीत नाही. वाट तीच, अंतर जवळजवळ तेच. परंतु कसोटी निराळी. एक कसोटी विचारते, "तू पोहोचलास का?" दुसरी विचारते, "बरोबरीच्यांमध्ये तू कसा चाललास?" हा फरक मला कोणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल तर मी ऐकला नव्हता.

घाटावरच्या एका जिल्ह्यात ६० किलोमीटरची खुली शर्यत होती. मी नाव दिले. झेंडा पडला आणि चाळीस-पन्नास सायकली एकदम निघाल्या. नवव्या किलोमीटरला एक वळण होते. वळणानंतर पुढच्यांनी जोर लावला, घोळका रबरासारखा ताणला गेला, आणि माझ्या पुढच्या चाकात व माझ्यात दहा फुटांचे अंतर पडले. दहा फूट म्हणजे काय हो? या व्यासपीठाच्या रुंदीपेक्षा कमी. पण ते दहा फूट मला पुन्हा भरून काढता आले नाहीत. पाच मिनिटांत घोळका दिसेनासा झाला. उरलेले पन्नास किलोमीटर मी एकटा चालवले. शेवटच्या रेषेवर पोहोचलो तेव्हा मंडपाचे कापड सोडणे चालू होते. एक म्हातारे गृहस्थ खुर्च्या गोळा करीत होते. ते म्हणाले, "मास्तर, चहा संपला, पाणी आहे."

असे का झाले, याचा मी नंतर अभ्यास केला. आपले विज्ञानाचे शिक्षक येथे बसले आहेत, माझे चुकले तर ते सुधारतील. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मोठा शत्रू म्हणजे हवा. वेग वाढला की हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी वीसवरून पंचवीसवर जाताना वेग सव्वापट होतो, परंतु हवेविरुद्ध लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. वीसवरून चाळीसवर गेलात तर ती आठपट. म्हणूनच शर्यतीत सायकलस्वार एकमेकांच्या चाकामागे चालतात. पुढचा वारा फोडतो, मागच्याची मेहनत पाव ते एक तृतीयांश वाचते. काही वेळाने पुढचा बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. पाळीपाळीने वारा अंगावर घ्यायचा, हा या खेळाचा प्राण आहे. मी दहा फूट मागे पडलो, म्हणजे त्या आडोशातून बाहेर पडलो. त्यानंतर घोळक्यातले सगळे मिळून जे करीत होते, ते मला एकट्याने करायचे होते.

पालकहो, लांबून पाहणाऱ्याला वाटते की शर्यत म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाविरुद्ध धावणे. प्रत्यक्षात रस्त्यावरची शर्यत म्हणजे तीन-चार तास परक्या माणसावर विश्वास टाकणे. तुमच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर दुसऱ्याचे मागचे चाक असते. त्याने अचानक ब्रेक लावला, खड्डा चुकवायला एकदम वळला, तर तुम्ही खाली. आणि तुम्ही वळलात, तर तुमच्या मागचा खाली.

आता ती हकिगत सांगतो.

पहिल्या शर्यतीनंतर मी वर्षभर जिद्दीने सराव केला. बहादूरशेख नाक्यावरून निघायचे, खेर्डी, शिरगाव, पोफळी, आणि मग कुंभार्ली घाट. पाय मजबूत झाले. माझे पाहून तीन विद्यार्थी सोबत येऊ लागले. त्यातला एक अकरावीत होता. अंगाने सडपातळ, पण घाटात मला मागे टाकायचा. वडील आखातात नोकरीला. त्यांनी पैसे पाठवून त्याला रोड सायकल घेऊन दिली होती. मला त्याचा अभिमान वाटे. घाटात आम्ही एकामागे एक, ज्याच्या त्याच्या दमाने चढत असू. चाकाला चाक लावून, वेगात, सपाटीवर चालवण्याचा सराव आम्ही केलाच नाही. मला स्वतःलाच तो येत नव्हता, तर मी शिकवणार कसा?

अशा तयारीने मी त्या मुलांना घेऊन दुसऱ्या शर्यतीला गेलो. या वेळी मी घोळक्यात टिकलो. तो मुलगा माझ्या चाकामागे होता, कारण मीच त्याला सांगितले होते, "माझ्या मागे राहा." अठराव्या किलोमीटरला माझ्यासमोर एक खड्डा आला. मी हात केला नाही, तोंडाने ओरडलो नाही. घाबरून एकदम डावीकडे वळलो. खड्डा चुकला. मागे आवाज झाला. मी थांबून पाहिले तर तो रस्त्याच्या कडेला बसलेला होता, उजवा हात डाव्या हाताने धरून. त्याच्या गळ्याशेजारचे आडवे हाड मोडले होते. डोक्याला हेल्मेट होते, म्हणून डोके वाचले.

दवाखान्यात त्याची आई आणि चाचा आले. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त मुलाच्या शर्टाची रक्त लागलेली बाही दुमडली. रात्री वडिलांचा फोन आला. मला वाटले, ते रागावतील. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही माझ्या मुलाला जोरात चालवायला शिकवलंत. चौघांत चालवायला शिकवलंत का?"

मी म्हणालो, "नाही." दुसरे काय म्हणणार? खरे तेच होते.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मी ठरवले की सायकल कायमची भिंतीला टांगायची. परंतु महिन्याभराने तोच मुलगा हात झोळीत अडकवून शाळेत आला आणि म्हणाला, "सर, हाड जुळतंय. आता मला नीट शिकवा." तेव्हा माझ्या लक्षात आले की सायकल टांगून ठेवणे सोपे होते. त्यात माझी सुटका होती, त्याचा उपयोग नव्हता. शिक्षकाने चूक केली तर त्याने धडा सोडून द्यायचा नसतो, तो पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा असतो. म्हणून मी जाणत्या लोकांना विचारले, वाचले, स्वतः शिकलो. त्यातून रॅलीपासून शर्यतीपर्यंतच्या काही पायऱ्या माझ्या ध्यानात आल्या. विद्यार्थ्यांनी त्या नीट ऐकाव्यात.

पहिली पायरी सायकलची आणि अंगाची. सायकल महाग असलीच पाहिजे असे नाही. नवी साधी रोड सायकल घ्यायची तर तीस-पस्तीस हजारांची तरी तयारी ठेवावी लागते, आणि ती रक्कम आपल्यापैकी अनेकांना लहान नाही. म्हणून पहिले वर्ष आहे त्या सायकलवर काढावे, किंवा कोणाची वापरलेली चांगली सायकल घ्यावी. पण ती आपल्या मापाची हवी. सीटची उंची अशी असावी की पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. ब्रेक, साखळी, टायरची हवा दर आठवड्याला तपासावी. पंक्चर स्वतःला काढता आले पाहिजे. ज्याला स्वतःचे पंक्चर काढता येत नाही त्याने शर्यतीचे नाव काढू नये, असे मी आता मुलांना सांगतो.

हेल्मेटविषयी तडजोड नाही. मोठमोठे व्यावसायिक सायकलपटूसुद्धा पूर्वी उघड्या डोक्याने शर्यती करीत. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो दगावला, आणि त्याच वर्षी जागतिक संघटनेने अशा शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. जगाला जी गोष्ट एका माणसाचा जीव गेल्यावर पटली, ती आपण आधीच पटवून घ्यावी.

दुसरी पायरी सरावाची. आमची मुले रोज जीव तोडून सायकल मारीत आणि पंधरा दिवसांत थकून जात. हे चूक आहे. आठवड्यातला बहुतेक सराव असा असावा की शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. एक दिवस लांबचा, एक दिवस जोराचा. जोराचा म्हणजे घाटाच्या पायथ्याशी चार-पाच मिनिटे दम लागेपर्यंत चढायचे, तितकाच वेळ सावकाश फिरायचे, आणि असे चार-पाच वेळा. जड गिअर लावून गुडघे दुखवून घेऊ नयेत. पॅडलचे फेरे मिनिटाला ८० ते ९० ठेवण्याची सवय करावी. आणि एक पूर्ण दिवस विश्रांती. शरीर सरावाने थकते व विश्रांतीत बळकट होते, हे लक्षात ठेवा. आम्ही फजरच्या नमाजनंतर निघतो. ऊन नसते, वाहने कमी असतात, आणि शाळेची घंटा चुकत नाही. रमजानच्या महिन्यात जोराचा सराव बंद ठेवतो. ज्याला इच्छा आहे त्याने इफ्तारच्या आधी अर्धा तास सावकाश फिरून यावे, एवढेच. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर रस्ते निसरडे असतात. तेव्हा घाट नको. घरी बैठका, पोटाचे व पाठीचे व्यायाम पुरेत.

तिसरी पायरी खाण्यापिण्याची. येथे मला एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. अब्देल-कादर झाफ नावाचा अल्जीरियाचा एक सायकलपटू होता. त्याचा देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. १९५० साली तो उत्तर आफ्रिकेच्या संघातून तूर द फ्रान्समध्ये उतरला. ही शर्यत १९०३ पासून चालत आलेली, तीन आठवड्यांची, जगातली सर्वांत मोठी. जुलै महिना, पेर्पिन्याँ ते नीम असा टप्पा, आणि भयंकर उकाडा. झाफ आणि त्याचा साथीदार मार्सेल मोलिनेस सर्वांना मागे टाकून पुढे निघाले, आणि त्यांना खूप मोठी आघाडी मिळाली. पण उन्हाने आणि तहानेने झाफची शुद्ध हरपू लागली. तो रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागला आणि पडला. लोकांनी त्याला झाडाखाली नेले. भान आल्यावर तो धडपडत उठला, सायकलवर बसला आणि जोरात निघाला, उलट्या दिशेने! लोकांनी दिलेले पेय मद्य निघाले, अशी कथा तेव्हा फार रंगवून सांगितली गेली. मला वाटते, ते ऊन आणि ती तहान एवढे कारणही पुरेसे होते. मोलिनेसने तो टप्पा जिंकला. तूरचा टप्पा जिंकणारा तो आफ्रिकेतला पहिला सायकलपटू ठरला. झाफ मात्र झाडाखाली झोपलेला माणूस म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. परंतु त्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी, १९५१ साली, झाफ पुन्हा आला, आणि त्याने तीन आठवड्यांची ती संपूर्ण शर्यत पुरी केली. सर्वांत शेवटचा आला, पण पुरी केली.

मुलांनो, झाफच्या पायांत ताकद कमी नव्हती. तहान लागण्याआधी प्यावे आणि भूक लागण्याआधी खावे, हा या खेळाचा नियम आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उकाड्यात त्यात चिमूटभर मीठ व साखर. दीड तासाहून जास्त चालवायचे असेल तर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात गेले पाहिजे. त्यासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही. पाच-सहा चांगले खजूर, एक केळे, थोडी चिक्की खिशात असली की काम भागते. खजूर तर आपल्या प्रत्येक घरात असतात.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि हीच मी गाळली होती. ती म्हणजे चौघांत चालवणे. मुलाचे हाड जुळून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही पाच महिने एकही शर्यत केली नाही. रविवारी सकाळी मोकळ्या सपाट रस्त्यावर चौघेजण एका ओळीत चालवू लागलो. प्रथम दोन सायकलींत एका सायकलीचे अंतर. महिन्याने अर्धे. मग एक हात. नियम थोडेच, पण मोडायचे नाहीत. सरळ रेषा सोडायची नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक न्यायचे नाही, कारण चाकाला चाक लागले तर मागचाच पडतो. ब्रेक एकदम दाबायचा नाही. खड्डा, खडी, कुत्रा, गाडी दिसली की हाताने दाखवायचे आणि तोंडाने ओरडायचे. पुढे आल्यावर छाती फुगवून वेग वाढवायचा नाही. आहे तो वेग ठेवायचा, आपली पाळी संपली की बाजूला होऊन मागे यायचे. पुढच्याच्या चाकाकडे टक लावायची नाही. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहायचा. आणि पुढे असणाऱ्याने नेहमी लक्षात ठेवायचे की, मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याचे डोळे आपणच आहोत.

हे शेवटचे वाक्य मी आमच्या चौघांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

पाचवी पायरी, पहिली शर्यत कोणती निवडावी. माझ्यासारखे एकदम घोळक्यात उडी घेऊ नका. शर्यतीचा एक प्रकार असा आहे की त्यात प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकट्याला सोडतात, आणि घड्याळावर क्रमांक ठरतो. त्याला टाइम ट्रायल म्हणतात. त्यात दुसऱ्याच्या मागे चालायला मनाई असते. नवशिक्याला हा प्रकार उत्तम. घोळक्यातली पडझड नाही, आणि स्वतःची लायकी स्वतःला कळते. त्यानंतर वयोगटाची छोटी सामूहिक शर्यत, आणि मग खुली. आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीची मोठी परंपरा आहे, आणि खंडाळ्याच्या घाटात जो प्रथम चढतो त्याला "घाटाचा राजा" म्हणतात. आपल्या मुलांनीही ते स्वप्न जरूर पाहावे; कुंभार्लीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला घाटाची भीती कशाला? परंतु ती वाट या पायऱ्यांवरून जाते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. "हे कशाला? अभ्यासाचे काय?" नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ डॉक्टर आहेत. त्यांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. यांपैकी कोणी सायकलसाठी पुस्तक फेकून दिले नव्हते. रेल्वे आणि सैन्यदलांचे सायकल संघ आहेत, खेळाडूंना शासकीय नोकरीत आरक्षण आहे, हेही खरे. पण मी तुम्हांला नोकरीचे आमिष दाखवणार नाही. शंभरातल्या नव्याण्णव मुलांना या खेळातून नोकरी मिळणार नाही. त्यांना दुसरेच काही मिळेल. पहाटे स्वतःहून उठण्याची सवय, हरल्यावर घरी परत येण्याची सवय, आणि मागच्यासाठी हात करण्याची सवय. आमच्या शाळेत माझा नियम साधा आहे. घटक चाचणीत गुण घसरले की सायकल बंद. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी दोन महिने शर्यत नाही.

एका पालकांनी मला विचारले, "आणि मुलींचे काय?" त्यांच्या मुलीला सायकल चालवायची आहे आणि शेजारी बोलतात. त्यांना मी मासुमा अली जादा हिची माहिती दिली. ही अफगाणिस्तानची मुलगी. काबूलमध्ये मुलींच्या सायकल संघात सराव करताना लोकांनी दगड मारले, शिव्या दिल्या. २०१७ साली तिच्या कुटुंबाने फ्रान्समध्ये आश्रय घेतला. तेथे ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागली, आणि २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून टाइम ट्रायलमध्ये उतरली. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट. पदक मिळाले नाही. पण त्या बावीस किलोमीटरच्या रस्त्यावर उभे राहण्यासाठी ती किती लांबून आली होती, याचा विचार करा. आपल्या मुलींना कोणी दगड मारीत नाही. फक्त चार माणसे चार गोष्टी बोलतात. तेवढे आपण बापमाणसांनी सहन करावे.

आता शेवट सांगून आपली रजा घेतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे पुन्हा एका शर्यतीला गेलो. त्या मुलाचे वडील रजेवर आले होते. ते म्हणाले, "मीही येतो." भाड्याची जीप करून, पाण्याच्या बाटल्या घेऊन ते संयोजकांनी आखून दिलेल्या जागी उभे राहिले. चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास रस्त्यावर खडी पसरली होती. त्या वेळी मुलगा पुढे होता आणि मी त्याच्या मागे. मला खडी दिसत नव्हती. त्याचा हात खाली गेला, बोट रस्त्याकडे वळले, आणि तो मोठ्याने ओरडला, "खडी! उजवीकडून!" आमच्या मागची आठ-दहा अनोळखी माणसे त्या एका हाकेवर सुखरूप निघाली. शेवटी तो अकरावा आला. मी एकतिसावा. कोणालाही पदक मिळाले नाही.

वडिलांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, त्याने मागच्यांना सांगितलं, ते मी ऐकलं." एवढेच. मला त्या रात्रीच्या फोनचे उत्तर देता आले, असे वाटले.

माझी पालकांना तीन गोष्टींची विनंती आहे. मुलगा शर्यतीचे म्हणाला तर नाही म्हणू नका, पण विचारा, "चौघांत चालवता येते का?" सायकल घेण्याआधी हेल्मेट घ्या. आणि महिन्यातून एका रविवारी पहाटे बहादूरशेख नाक्यावर स्वतः या आणि आपले मूल कसे चालवते ते पाहा. संस्थेला विनंती एकच, की पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात दहा हेल्मेट आणि एक प्रथमोपचार पेटी यांची तरतूद व्हावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला सांगणे हे की, रॅलीत जरूर जा, पदक जरूर घ्या. परंतु ज्या दिवशी शर्यतीच्या रेषेवर उभे राहाल त्या दिवशी पुढच्याला गाठण्याआधी मागच्याची आठवण ठेवा.